जुनं एएस/४०० धीमं झालंय? मशीन बदलायच्या आधी हे बघा

महिनाअखेरीला सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन वाजतो. पलीकडे डिस्पॅचचे भाई: "साहेब, मशीन बहु धीमुं चाले छे." एवढं बोलून फोन बंद. कोणता प्रोग्राम, कोणाचा टर्मिनल, कधीपासून, काही नाही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) ईडीपी, म्हणजे संगणक विभागांत माझी नोकरीची बहुतेक वर्षं हे वाक्य ऐकण्यात गेली. आता तुमच्यासारखी नवी मुलं येतात. जावा-पायथन शिकून आलेली, हिरव्या अक्षरांचा काळा पडदा बघून थोडी बिचकलेली. एएस/४०० म्हणजे कंपनीचा स्टॉक, चलनं, हिशेब सांभाळणारा आयबीएमचा संगणक. तो धीमा झाला तर काय बघायचं, त्याचं हे टिपण त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. "मशीन म्हातारं झालंय, नवीन घ्या" हा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी देईल. माझा अनुभव असा की प्रोसेसर कालही तेवढाच होता आणि आजही तेवढाच आहे. वाढलं ते आपण त्याच्यावर लादलेलं काम. फाइली फुगल्या, प्रोग्राम एकावर एक रचले गेले, कोणीतरी दुपारी बारा वाजता वर्षभराचा रिपोर्ट चालवायला लागला. मशीन बहुतेक वेळ पळत नसतं, कशाची तरी वाट बघत असतं. ती वाट कशाची, एवढंच शोधायचं.

फोन ठेवायच्या आधी

तीन प्रश्न विचारा. फक्त तुमचाच स्क्रीन अडकतोय की शेजारच्याचाही? एकाच मेन्यूत की सगळीकडे? आणि किती वेळ अडकतं, घड्याळ बघून सांगा.

एकट्याचाच अडकत असेल तर तो बहुतेक लॉकचा (दुसऱ्याने रेकॉर्ड धरून ठेवल्याचा) किंवा त्या एका प्रोग्रामचा मामला. सगळ्यांचा अडकत असेल तर मेमरी, डिस्क किंवा कोणीतरी सोडलेला भलामोठा जॉब (मशीनला दिलेलं एक काम). आणि तक्रार "रात्रीचा स्टॉक लेजर सकाळपर्यंत संपलाच नाही" अशी असेल, तर तो वेगळाच आजार. त्याचं औषध प्रोग्रामच्या आत असतं. तिन्ही तक्रारींना लोक "धीमुं" हा एकच शब्द वापरतात, म्हणून नवखा माणूस तिन्हींना एकच औषध देतो.

मशीनची तोंडओळख, थोडक्यात

आयबीएमने एएस/४०० जाहीर केलं २१ जून १९८८ रोजी. ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरच्या कारखान्यात घडलं, सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८ या थोरल्या भावांच्या वारशावर. १९९५मध्ये आतला प्रोसेसर बदलून ६४ बिटांचा झाला, तरी जुने प्रोग्राम चालत राहिले. पुढे नावं बदलत गेली: २०००मध्ये आयसिरीज, २००६मध्ये सिस्टिम आय, आणि २००८पासून पॉवर सर्व्हरवरची आयबीएम आय. बडोद्यात मात्र सगळे अजून "एएस चारशे"च म्हणतात, मीही तेच म्हणणार.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या मशीनच्या लेखी मेमरी आणि डिस्क अशा दोन जागा नाहीत. सगळ्याला मिळून पत्त्यांचा एकच सलग पट्टा आहे. सिंगल लेव्हल स्टोरेज म्हणतात त्याला, आणि ही कल्पना सिस्टिम/३८पासूनची. मांडवीतलं एखादं जुनं दुकान आठवा. रोजचा माल शेटच्या हाताशी असतो, बाकीचा वरच्या माळ्यावर. गिऱ्हाइकाने मागितलेलं हाताशी नसेल तर पोऱ्या माळ्यावर पळतो. हाताशी म्हणजे मेमरी, माळा म्हणजे डिस्क. पोऱ्याची प्रत्येक पळापळ म्हणजे एक पेज फॉल्ट. पोऱ्या सारखा जिन्यातच दिसायला लागला की दुकान धीमं.

आदेशांचंही सांगून टाकतो. इथे प्रत्येक आदेश छाटलेल्या शब्दांचा असतो. वर्कचे डब्ल्यूआरके, डिस्प्लेचे डीएसपी, चेंजचे सीएचजी, सिस्टिमचे एसवायएस, स्टेटसचे एसटीएस. मी पूर्ण शब्द लिहिणार, छाटायचं काम तुमचं. आठवलं नाही तर "गो व्हर्ब" टाइप करा, क्रियापदांची यादी येते. आदेश लिहून एफ-४ दाबलं की कुठे काय भरायचं तेही दिसतं.

तीन पडदे

पहिला, वर्क सिस्टिम स्टेटस. उघडल्या उघडल्या दिसणारे आकडे वाचू नका. त्या क्षणी ते अर्धवट असतात. एफ-१०ने मोजणी शून्यावर आणा, पाच मिनिटं थांबा, चहा प्या, मग एफ-५. आता वरचा सीपीयूचा टक्का बघा, सिस्टिम एएसपी म्हणजे एकूण डिस्क किती भरली ते बघा, आणि खाली प्रत्येक मेमरी पूलसमोर (मेमरीच्या वाटून दिलेल्या हिश्शासमोर) सेकंदाला किती फॉल्ट होतायत ते. पूल क्रमांक १ हा मशीनचा स्वतःचा. त्यात फॉल्ट सेकंदाला १०च्या खाली असावेत. तिथे टंचाई झाली की त्याचे चटके सगळ्यांना बसतात. डेटाबेसचे आणि इतर फॉल्ट वेगळे दाखवलेले असतात, ती बेरीज कागदावर करा.

दुसरा, वर्क ॲक्टिव्ह जॉब. यातला स्टेटसचा रकाना हा माझा आवडता. आरयूएन म्हणजे खरंच चालू. डीएसपीडब्ल्यू म्हणजे माणूस पडद्यासमोर विचार करतोय किंवा जागेवर नाही. एलसीकेडब्ल्यू म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या वस्तूची वाट. एमएसजीडब्ल्यू म्हणजे मशीनने प्रश्न विचारलाय आणि उत्तर द्यायला कोणी नाही. प्रिंटरचा कागद संपल्यावर तासभर "धीमं" झालेला इनव्हॉइस मी या एका रकान्यावरून शोधलेला आहे. एफ-११ दाबलं की डिस्कच्या खेपा, म्हणजे ऑक्झिलरी आयओ, दिसतात. सीपीयूवर सगळ्यांची नजर असते, खरा चोर बऱ्याचदा या रकान्यात सापडतो.

एक सूचना: हा पडदा स्वतःच बऱ्यापैकी खादाड आहे. मशीन धीमं झालं म्हणून ईडीपीतले चार जण चार टर्मिनलांवर तोच उघडून दर दोन सेकंदांनी एफ-५ दाबत बसतात, आणि मग मशीन खरंच धीमं होतं.

तिसरा, वर्क डिस्क स्टेटस. प्रत्येक डिस्क किती टक्के बिझी आहे ते इथे कळतं. ४० टक्क्यांच्या वर सातत्याने गेली की रांग लागते. सगळ्या डिस्क ३० टक्क्यांवर आणि एकच ८०वर असं दिसलं तर बहुधा नंतर बसवलेली नवी डिस्क आहे. ती रिकामी असल्यामुळे नवा डेटा सगळा तिच्यावरच जातो. स्टार्ट एएसपी बॅलन्स आदेशाने माल सगळीकडे वाटून घ्या. बसवतानाच हे करायला हवं होतं, पण कोण करतो.

या तिन्ही पडद्यांचे आकडे मशीन ठीक असताना एका वहीत लिहून ठेवा. ताप किती आहे हे कळायला अंगाचं नेहमीचं तापमान माहीत लागतं.

दिवसाचं काम, रात्रीचं काम

समोर बसून केलेलं काम क्यूइंटर या सबसिस्टिममध्ये (काम चालवायच्या वेगळ्या विभागात) चालतं, मागे सोडलेलं क्यूबॅचमध्ये. पहिल्याचं प्राधान्य साधारण २०, दुसऱ्याचं ५०. आकडा लहान तेवढा मान मोठा. आता अकाउंट्समधल्या एखाद्या भाईंनी मेन्यूतूनच वर्षभराची क्वेरी समोर चालवली, तर ती २०च्या मानाने पळते आणि डिस्पॅचच्या चलनांच्या बरोबरीने धक्काबुक्की करते. उपाय साधा: मोठा रिपोर्ट कधीही समोर चालवायचा नाही, सबमिट जॉब आदेशाने मागे सोडायचा. मेन्यूमागच्या सीएल प्रोग्राममध्ये (आदेश ओळीने लिहिलेला प्रोग्राम) ही एक ओळ बदलून सगळ्या कार्यालयाचा श्वास मोकळा झालेला मी पाहिलाय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर विकल्या गेलेल्या बऱ्याच मॉडेलांवर आणखी एक गोम आहे. त्यांच्यावर समोरच्या कामासाठी ठरावीकच ताकद विकत घेतलेली असायची. मर्यादा ओलांडली की सीएफआयएनटी नावाचं आतलं काम जागं होतं आणि सीपीयू खायला लागतं. ते वर्क ॲक्टिव्ह जॉबमध्ये दिसतही नाही. म्हणून असं ओळखा: वरचा एकूण सीपीयू ९५ टक्के, पण खालच्या सगळ्या जॉबांची बेरीज जेमतेम ५०. मधले ४५ गेले कुठे? इथे प्रोसेसर वाढवून उपयोग नाही. समोरचं काम मागे ढकलणं हेच औषध.

ढकलतानाही रांग एकच ठेवू नका. क्यूबॅचच्या जॉब क्यूमधून मूळ मांडणीत एका वेळी एकच जॉब आत जातो. स्टॉक लेजर आत गेला की मागे उभं असलेलं दोन मिनिटांचं चलन दोन तास उभं राहतं. छोट्या जॉबांसाठी वेगळी जॉब क्यू करा आणि ॲड जॉब क्यू एंट्रीने ती सबसिस्टिमला जोडा.

मेमरीबद्दल फार लिहीत नाही. क्यूपीएफआरएडीजे ही सिस्टिम व्हॅल्यू (मशीनची एक सेटिंग) २ किंवा ३ असेल तर मशीन पूलांची वाटणी आपली आपण करतं, आणि नवख्या माणसापेक्षा बरी करतं. ती ० असेल तर कोणीतरी मुद्दाम केली होती की चुकून राहिली, ते जुन्या माणसाला विचारा, मगच हात लावा. वाटणी नीट असूनही सगळ्याच पूलांत फॉल्ट वाहत असतील, तर मेमरी खरंच कमी आहे. हार्डवेअरवर पैसे घालायची वेळ आली तर आधी तिथे घाला.

माळ्यावरचा कचरा

डिस्क ९० टक्क्यांवर गेली की मशीन ओरडायला लागतं, मूळ मांडणीत इशाऱ्याचा आकडा तोच आहे. त्याआधीच जागं व्हावं. जागा खाणारे नेहमीचे तिघे: कोणी न छापलेले स्पूल (छपाईसाठी थांबलेले रिपोर्ट), वर्षानुवर्षांचे जॉब लॉग (प्रत्येक जॉबने काय केलं त्याच्या नोंदी), आणि जर्नल रिसीव्हर (फाइलींतल्या बदलांची नोंद साठवणारे). जॉब लॉगसाठी गो क्लीनअपचा मेन्यू आहे, तो चालू आहे का ते बघा. रिसीव्हर काढताना मात्र घाई नको. सध्या जोडलेला सोडून द्यायचा, आणि जुने टेपवर सेव्ह झालेत याची खात्री करूनच काढायचे.

पण वेगाच्या दृष्टीने खरा कचरा फाइलींच्या आत असतो. डीडीएसने (फाइलची रचना लिहायच्या जुन्या पद्धतीने) बनवलेल्या जुन्या फिजिकल फाइलींमध्ये, म्हणजे खरा डेटा असतो त्या फाइलींमध्ये, खोडलेलं रेकॉर्ड जागेवरून जात नाही. खुर्ची रिकामी होते, पण रांगेत तशीच राहते. दर महिन्याला हजारो ओळी खोडणारी एखादी ट्रान्झॅक्शन फाइल डिस्प्ले फाइल डिस्क्रिप्शनने उघडून बघा. चालू रेकॉर्ड दोन लाख, खोडलेली नऊ लाख, असं दिसलं तर फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा प्रत्येक प्रोग्राम अकरा लाख खुर्च्यांसमोरून चालत जातोय.

याचं औषध रिऑर्गनाइझ फिजिकल फाइल मेंबर, आदेश आरजीझेडपीएफएम. रिकाम्या खुर्च्या काढून ते फाइल घट्ट करतं. की-फाइलचा पर्याय दिला (की म्हणजे किल्ली, ज्या रकान्यावरून रेकॉर्ड शोधतो तो) तर रेकॉर्ड किल्लीच्या क्रमाने लावूनही देतं, म्हणजे पार्टीनिहाय वाचणाऱ्या रिपोर्टला पोऱ्या एकाच फळीवरून माल उचलतो. दुसरा मार्ग म्हणजे चेंज फिजिकल फाइलने रीयूज डिलीटेड चालू करणं, मग नवं रेकॉर्ड रिकाम्या खुर्चीत बसतं. तो मार्ग घेण्याआधी प्रोग्राम तपासा. आलेल्या क्रमाने किंवा रिलेटिव्ह रेकॉर्ड नंबराने (खुर्चीच्या क्रमांकाने) वाचणारा जुना प्रोग्राम असेल तर त्याचा हिशेब बिघडतो, आणि एररही येत नाही. आकडे चुकतात, एवढंच.

इथे एक जुनी जखम सांगतो. एका उन्हाळ्यात आमचं मशीन रातोरात मंदावलं. सीपीयू निवांत, मेमरी ठीक, डिस्क मात्र सगळ्या लाल. चार दिवस आम्ही प्रोग्राम चाळत बसलो. शेवटी निघालं काय, तर डिस्क कंट्रोलरच्या राइट कॅशची (लेखन क्षणभर धरून ठेवणाऱ्या मेमरीची) बॅटरी संपली होती. बॅटरी गेली की कंट्रोलर कॅश बंद करतो आणि प्रत्येक लेखन थेट तबकडीवर जातं. देखभालीचा करार असलेल्या कंपनीचा माणूस दर तिमाहीला येऊन सही करून जात होता. आणि मशीनने क्यूसिसऑपीआर या मेसेज क्यूमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं, वाचलं कोणी नव्हतं. आमच्यापैकीही कोणी नाही. तेव्हापासून सकाळी आल्यावर चपला काढायच्या आणि डिस्प्ले मेसेज करून ती क्यू वाचायची, ही माझी सवय. रेडमधली (RAID, एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी जोडणी) एखादी डिस्क मेली असेल तर तेही तिथेच कळतं. तेव्हा मशीन चालू राहतं, पण लंगडत.

बरोब्बर एक मिनिट

"साहेब, एक मिनिट अटकी जाय छे, पछी एरर" असं कोणी म्हणालं तर पडदे उघडायचीही गरज नाही. फाइलीवर रेकॉर्डची वाट बघायची मूळ मुदत ६० सेकंद असते. दुसऱ्या कोणीतरी ते रेकॉर्ड बदलण्यासाठी उघडून धरलंय. जॉब लॉगमध्ये सीपीएफ५०२७ हा संदेश सापडेल, आणि तो कोणत्या जॉबने धरलंय तेही सांगतो. आमच्याकडे तो जॉब बहुतेक वेळा सेव-उसळ खायला गेलेला असायचा.

त्या माणसाला रागावून काही होत नाही. ऑर्डर नुसती बघायला उघडली तरी प्रोग्राम ती लॉक करून वाचतो, हा प्रोग्रामचा दोष. आरपीजीमध्ये (इथले बहुतेक प्रोग्राम याच भाषेत असतात) वाचतानाच लॉक नको असं सांगता येतं. दाखवताना तसं वाचा. माणसाने एंटर दाबल्यावर पुन्हा लॉक करून वाचा, मधल्या काळात कोणी बदललं नाही ना ते ताडून बघा, मग लिहा.

प्रोग्रामच्या आत

रात्रीचे जॉब इथेच लहान होतात. आधी निदान. जॉब चालू असताना वर्क ॲक्टिव्ह जॉबमध्ये त्याच्यासमोर ५ टाका, आतल्या यादीत १४, म्हणजे उघड्या फाइली. तिथे प्रत्येक फाइलवर किती वेळा ये-जा झाली ते दिसतं. एफ-५ दाबत राहा. चारशे पार्ट्यांच्या मास्टरवर दहा लाख खेपा दिसल्या, तर कोणता लूप उगाच फिरतोय ते तुम्हाला सोर्स न उघडता कळलं. त्याच यादीत ११ टाकलं की कॉल स्टॅक दिसतो. पाच-सहा वेळा बघितलंत आणि प्रत्येक वेळी तोच प्रोग्राम वर असेल, तर तिथूनच सुरुवात करा. एवढ्याने भागलं नाही तरच ट्रेसची मोठी हत्यारं काढा.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार एलआर, म्हणजे लास्ट रेकॉर्ड, आरपीजीतली "काम संपलं" ही खूण. समजा इनव्हॉइसच्या ४० हजार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीला दर काढणारा एक छोटा प्रोग्राम बोलावला जातो. त्या छोट्या प्रोग्रामने शेवटी एलआर इंडिकेटर चालू केला की तो आपल्या फाइली बंद करून पूर्ण आवरून जातो. पुढच्या ओळीला परत उघडतो. चार फाइली असतील तर एका रात्रीत एक लाख ६० हजार वेळा उघडणं आणि तेवढंच बंद करणं. आणि फाइल उघडणं हे या मशीनवरच्या महाग कामांपैकी आहे. एलआर न लावता नुसतं रिटर्न करा, फाइली उघड्या राहतात, पुढची हाक लगेच पुरी होते. किंमत एवढीच की आतल्या व्हेरिएबलांत मागच्या ओळीचं उष्टं शिल्लक राहतं, ते सुरुवातीला स्वतः पुसायचं. आयएलई (नव्या पद्धतीचा) प्रोग्राम नव्या ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्ये (प्रोग्राम चालायच्या स्वतंत्र खोलीत) चालायला सांगितला असेल तर तोही हाच आजार, वेगळ्या नावाने. बोलावणाऱ्याच्याच ग्रुपमध्ये चालू दे.

दुसरा गुन्हेगार फाइलच्या एफ स्पेसिफिकेशनमधलं (प्रोग्रामात फाइल जाहीर करायच्या ओळीतलं) यू, म्हणजे अपडेट, हे अक्षर. नुसती वाचायची फाइल कोणीतरी कधीतरी अपडेटसाठी उघडली, कारण शेजारच्या प्रोग्राममधून ओळ कॉपी केली. मग मशीन एकेक रेकॉर्ड लॉक करत आणतं. तेच फक्त वाचण्यासाठी आणि ओळीने असेल तर रेकॉर्डांचा गठ्ठा एकदम आणतं. अक्षर बदला, आणि सरळ वाचणाऱ्या जॉबसाठी ओव्हरराइड डेटाबेस फाइलमध्ये सिक्वेन्शियल ओन्ली सांगून गठ्ठा मोठा करा. एकेक विडा आणायला पोऱ्याला जिना चढवण्यात काय शहाणपण?

एखादी किल्ली फाइलमध्ये आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर चेन (किल्लीने रेकॉर्ड उचलून आणणं) करू नका. सेटएलएल (किल्लीच्या जागी नुसतं जाऊन थांबणं) करून इक्वल तपासा, रेकॉर्ड उचलून आणावंच लागत नाही. आणि पडद्यावरच्या याद्या! डीलरची यादी दाखवायला पाच हजार रेकॉर्ड सबफाइलमध्ये (पडद्यावरच्या यादीत) भरून मग पहिलं पान दाखवणारे प्रोग्राम अजून चालू आहेत. एक पान भरा, दाखवा, पेज-डाउन दाबलं की पुढचं भरा. निम्मे लोक पहिल्या पानाच्या पुढे जातच नाहीत.

लॉजिकल फाइलींचं (एकाच डेटाकडे वेगवेगळ्या किल्लीने बघायच्या फाइलींचं) दुखणं दोन्हीकडून आहे. कमी असतील तर वाचणारा अडतो, जास्त असतील तर लिहिणारा. ट्रान्झॅक्शन फाइलवर पंचवीस लॉजिकल असतील तर चलनाची एक ओळ लिहिताना पंचवीस ठिकाणी नोंद होते. डिस्प्ले डेटाबेस रिलेशन्सने यादी काढा, प्रत्येकीची शेवटची वापराची तारीख बघा. पण सहा महिने वापर नाही म्हणून उडवू नका. ३१ मार्चला वर्षातून एकदाच चालणारा प्रोग्राम तिच्यावर बसलेला असू शकतो. सोर्समध्ये शोधा, एक पूर्ण आर्थिक वर्ष जाऊ द्या.

क्वेरीवाले

आज अर्धं ओझं एक्सेलमधून डेटा ओढणाऱ्यांचं असतं. त्यांचे जॉब क्यूझेडडीएएसओआयएनआयटी या नावाने दिसतात, दिसायला मागचे, प्राधान्य मात्र २०. नक्की कोण आहे ते जॉब लॉगमध्ये कळतं.

क्वेरी का रेंगाळते हे मशीन स्वतः सांगतं. स्टार्ट डीबग टाका, क्वेरी चालवा, मग जॉब लॉग वाचा. सीपीआय४३२९ म्हणजे अख्खी फाइल पहिल्यापासून चाळली. सीपीआय४३२१ म्हणजे चालवण्यापुरती एक तात्पुरती ॲक्सेस पाथ (किल्लीच्या क्रमाने रेकॉर्ड शोधायची वाट) बांधली, जी नंतर फेकून दिली जाते. रोज चालणाऱ्या क्वेरीत हा दिसला की रोज घर बांधून रोज पाडतोय असं समजा. सीपीआय४३२एफ तर कोणती किल्ली हवी तेच सुचवतो. त्या किल्लीवर कायमचा इंडेक्स बनवा. २००६च्या व्ही५आर४पासून असे सल्ले मशीन आपणहून एका तक्त्यात गोळा करतं, तेही बघत जा. डीबग मूळ मांडणीत प्रॉडक्शन लायब्ररीतल्या फाइली बदलू देत नाही, म्हणून तपासणी झाल्यावर एंड डीबग विसरलात तर पुढच्या एंट्रीला भलताच एरर येईल.

हे सगळं कधी करायचं

महिनाअखेरीला नाही, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नाही, मार्चमध्ये तर नावही काढू नका. आणि "एकदा आयपीएल करून टाकू" या मोहातही पडू नका. इथे आयपीएल म्हणजे मशीन नव्याने उठवणं, क्रिकेट नाही. त्याने तासभर बरं वाटतं, पण खरं कारण पुसलं जातं. वीज गेल्यासारखं ते अचानक बंद पडलं तर ॲक्सेस पाथ पुन्हा बांधत किती वेळ बसेल याचा नेम नाही.

आमच्याकडे मोठ्या फाइली घट्ट करायचा दिवस ठरलेला: १४ जानेवारी, उत्तरायण. आपली संक्रांत. सगळं बडोदं गच्चीवर असतं, दुसऱ्या दिवशीही वाशी उत्तरायणाची सुट्टी, कारखान्यात चिटपाखरू नाही. तिळगुळाचा डबा घेऊन आम्ही दोघं ईडीपीत. क्रम असा:

१. आधी पूर्ण बॅकअप, आणि टेप वाचून बघणं.
२. क्यूइंटर बंद. फाइल कोणी धरलेली असेल तर रिऑर्गनाइझ सुरूच होत नाही.
३. डिस्कवर निदान त्या फाइलएवढी जागा मोकळी आहे का ते बघणं.
४. किती वेळ लागेल ते आधीच टेस्ट लायब्ररीतल्या कॉपीवर मोजलेलं असणं. अंदाजाने नाही.
५. चालू आणि खोडलेल्या रेकॉर्डांचे आकडे वहीत लिहिणं, मग जॉब सबमिट, आणि तो मध्येच न मारणं.
६. झाल्यावर आकडे पुन्हा बघणं. चालू रेकॉर्ड तेवढीच असली पाहिजेत, खोडलेली शून्य.

एका दिवशी एकच बदल करा. फाइल घट्ट केली, इंडेक्स बनवला आणि प्रोग्रामही बदलला, तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. आणि बिघडलं तर काय मागे घ्यायचं तेही नाही.

सुट्टी संपली की साडेदहाला फोन आपण करायचा. डिस्पॅचला. "भाई, चलन केवुं चाले छे?" ते काहीही म्हणोत, एफ-१० दाबा, पाच मिनिटं थांबा, एफ-५, आणि आकडे वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा. महिनाअखेरीला ते पान लागणार आहे.